रताळ्याचा वेल माजलाय, खाली मात्र मुळ्याच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बंगल्यामागे दहा बाय चार फुटांचा विटांचा वाफा आहे. बाजारातल्या लाल रताळ्याला कोंब आणून जुलैच्या मध्यात ते लावले. लावताना पाच पाट्या शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड घातली, नंतर दर पंधरवड्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) दिलं. आता ऑक्टोबर संपत आलाय, वेल वाफा ओलांडून जास्वंदीला भिडलाय, पण कडेला खणून पाहिलं तर पेन्सिलीएवढी मुळं निघाली. एकजण म्हणतो वेल छाटा, ताकद खाली जाईल. दुसरा म्हणतो उलटा करा. तिसरा म्हणतो जाळीवर चढवा. यातलं काय करू?

या वाफ्यात यातलं काहीच करू नका.

छाटल्यानं ताकद खाली जाते ही समजूत बहुधा टोमॅटोच्या बगलफुटव्यांवरून किंवा द्राक्षाच्या छाटणीवरून आलेली असावी. रताळ्यात तसं होत नाही. रताळ्यात साठणाऱ्या पिष्टासाठी (स्टार्चसाठी) लागणारी साखर पानांतच तयार होते. पानं कापली की वेल आधी नवे शेंडे फोडतो, आणि त्यासाठी लागणारं अन्न मुळातूनच उचलतो. म्हणजे उरलीसुरली रताळीही हडकतात. वेल माजणं हे लक्षण आहे. त्याचं कारण जमिनीत आहे आणि ते लावणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यातच घडून गेलेलं आहे.

पण निराश होण्याआधी नीट बघा, कारण तुम्ही खणलंत ती जागाच चुकीची असण्याची शक्यता आहे. वेल पसरलेला असतो तिथे खाली रताळी नसतात. ती असतात फक्त तुम्ही मूळ फाटा, म्हणजे लावणीचा कोंब किंवा वेलाचा तुकडा, जिथे पुरला होता त्या बुंध्याशी, साधारण वीतभर अंतरात. कडेला सापडतात ती पसरलेल्या वेलाच्या पेरांना फुटलेली मुळं. ती बारीकच असतात. तेव्हा एक वेल हातात धरून मागे मागे जात बुंधा गाठा. तिथली माती किंचित वर आलेली दिसते का, बुंध्याभोवती चिरा पडल्यात का, ते बघा. खुरपं नको, बोटांनी माती उकरा. मूळ मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळतं असेल, सालीवर लाली चढली असेल, तर ते अंगठ्याएवढंच असलं तरी अजून फुगेल. टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचं, दोरीसारखं चिवट असेल आणि मोडताना आत लाकडासारखे धागे दिसत असतील, तर ते आता रताळं होणार नाही. दोन-तीन बुंधे असे तपासा आणि माती परत दाबून झाका.

निम्म्या बुंध्यांना तरी लाल, निमुळती मुळं सापडली तर वाफा अजून महिनाभर ठेवा. जीवामृत, पेंड, ताक-गूळ, सगळं बंद. पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही वरची माती बोटभर सुकली असेल तरच. आता पोटॅश घातल्यानं फार काही हाती लागणार नाही, त्याची वेळ गेली. डिसेंबरात पुण्यात थंडी पडली की वाढ तशीही मंदावते, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढून मोकळे व्हा.

आता असं का झालं ते सांगते, कारण पुढच्या वाफ्याला तेच कामाचं आहे.

माझं गाव चंदगड तालुक्यात. बेळगावच्या पश्चिमेचा भाग आणि आमचा हा तांबड्या मातीचा पट्टा रताळ्याचा. पाऊस लागला की वरंब्यावर, म्हणजे मातीच्या लांबट उंचवट्यावर, वेल लावायचा आणि नवरात्राच्या आगेमागे काढायला सुरुवात करायची. पुण्या-मुंबईत त्या दिवसांत जी लाल रताळी विकायला येतात त्यातली बरीच इकडचीच. आमची माती काही फार कसदार नाही. पाऊस भरपूर, पण निचरा इतका चांगला की तासाभरात सरीतलं पाणी उतरतं. रताळ्याला हेच मानवतं. कसदार काळ्या रानात वेल गुडघाभर होतो आणि खाली बोटं निघतात, हे इकडच्या कुठल्याही म्हातारीला विचारलं तरी ती सांगेल.

बटाटा हे जमिनीतलं खोड असतं, रताळं हे मूळ असतं. हा फरक बागेत फार महत्त्वाचा ठरतो. फाटा लावल्यावर जमिनीतल्या पेरांना पांढरी मुळं फुटतात. पुढच्या चार ते सहा आठवड्यांत त्यातल्या काहींनी साठवणीचं मूळ व्हायचं की नुसतं तंतुमूळ किंवा दोरीमूळ राहायचं, हे ठरतं. त्या काळात माती घट्ट असली, पाणी साचून मुळांना हवा मिळाली नाही, नत्र (नायट्रोजन) जास्त झालं किंवा ऊन कमी पडलं, तर मुळं आतून लाकडासारखी होतात आणि नंतर काहीही केलं तरी फुगत नाहीत. तुमच्याकडे बहुतेक चारही गोष्टी एकदम झाल्या. जुलै-ऑगस्टचं ढगाळ आभाळ, विटांच्या वाफ्यात तुंबलेलं पाणी, चिकण माती आणि वर खताचा मारा.

खताचा हिशोब एकदा मांडूनच बघू. रताळ्यासाठी हेक्टरी ७५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), ७५ किलो पालाश (पोटॅश) आणि ५ टन शेणखत ही सर्वसाधारण शिफारस आहे. तुमचा वाफा पावणेचार चौरस मीटरचा. म्हणजे त्याला नत्र लागतं सुमारे २८ ग्रॅम आणि शेणखत लागतं दोन किलो. तुम्ही घातलंत पाच पाट्या, पाटीला दहा किलो धरले तरी पन्नास किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे पाव किलो नत्र तिथेच झालं. ते सगळं एका हंगामात लागू होत नाही हे खरं, पण पेंडीतलं आणि जीवामृतातलं वर धरा. एवढं खाऊन कुठलाही वेल माजणारच. पालेभाजीला हेच खत घातलं असतंत तर मी कौतुक केलं असतं.

पुढच्या वेळी या मापाच्या वाफ्याला जुनं, मातीसारखं झालेलं शेणखत अर्धी पाटी पुरे. आदल्या पिकाला भरपूर खत दिलं असेल तर तेही नको. पालाशासाठी चुलीची चाळलेली राख दोन ओंजळी, पण तुमची जमीन काळी आणि चुनखडीची असेल तर राख टाळा. ती जमीन आधीच अल्कधर्मी, आणि रताळ्याला किंचित आम्ल माती आवडते. तिथे सल्फेट ऑफ पोटॅश पन्नास-साठ ग्रॅम, निम्मं लावताना आणि निम्मं महिन्यानं, बुंध्याला मातीची भर लावायच्या आधी.

विटांचा वाफा मोडायची गरज नाही, पण त्यात सपाट लावू नका. माती वीतभर खोल खणून भुसभुशीत करा. चिकण असेल तर जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेला पाला मिसळा. मग लांबीच्या दिशेनं दोन वरंबे ओढा, मधलं अंतर दोन फूट, उंची फूटभर. पावसात वरंबा बसतो, म्हणून सुरुवातीला जरा जास्तच उंच ओढायचा. तळाच्या विटांत पाणी जायला फटी आहेत का ते बघा, नसतील तर दोन-चार विटा सरकवा. ऊन सहा तासांपेक्षा कमी असेल तर रताळ्याच्या नादी लागू नका. त्या जागी अळू लावा, ते खुशीत राहील.

कोंबांबद्दल. बाजारातलं रताळं वाळूत किंवा कोकोपीटमध्ये आडवं अर्धवट पुरलं की तीन-चार आठवड्यांत कोंब येतात. ग्लासात काड्या टोचून पाण्यावर ठेवायची पद्धतही चालते, पोरांना बघायला मजा येते, पण कोंब कमी आणि किरटे येतात. हे कोंब मुळासकट उपटून थेट वाफ्यात लावू नयेत. वीतभर वाढले की मातीच्या दोन बोटं वर कापून लावायचे, म्हणजे जुन्या रताळ्यातली कीड नव्या वाफ्यात येत नाही. त्याहून उत्तम म्हणजे वाढत्या वेलाचे शेंडे. शेंड्याकडचा वीत-दीड वीत लांबीचा, चार-पाच पेरांचा फाटा सगळ्यात लवकर लागतो. मधल्या भागाचा फाटा चालतो, पण बुंध्याकडचा जून, लाकडी फाटा घेऊ नका. तो उशिरा फुटतो आणि भुंग्याची अंडी त्याच भागात असण्याचा धोका जास्त.

फाटे कापल्यावर लगेच लावायचे नाहीत. पानं न काढता जुडी बांधून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस ठेवा. पेरांवर पांढऱ्या टाचणीच्या डोक्यासारख्या मुळाच्या गाठी दिसायला लागतात. असा फाटा लावला की मर जवळजवळ होत नाही. लावताना मधली दोन-तीन पेरं तीन-चार बोटं खोल आडवी पुरायची आणि शेंडा बाहेर ठेवायचा. काही जण दोन्ही टोकं बाहेर काढून मधला भाग पुरतात, तेही छान. उभा खोल खोचला तर रताळी कमी आणि एकाच ठिकाणी गुच्छानं लागतात. दोन फाट्यांत वीत ते सव्वा वीत अंतर. तुमच्या वाफ्यात वीस-बावीस फाटे बसतात, त्याहून जास्त दाटी नको.

लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस रोज थोडं पाणी. मग पाण्याची ओढ द्यायची. पहिल्या दीड महिन्यात दोनदा खुरपणी करायची, दुसऱ्या खुरपणीबरोबर बुंध्याला मातीची भर लावायची. त्यानंतर वेल जमीन झाकतो आणि तण आपोआप दबतं, मग वाफ्यात फार हात घालायची गरज राहत नाही.

तर वेलाचं काय करायचं? सगळे हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

वेल पलटण्याचा सल्ला पूर्ण खोटा नाही. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर पडलेल्या वेलाच्या पेरांना मुळं फुटतात, ती जमिनीतून नत्र-पाणी ओढतात आणि वेल आणखी माजतो. क्वचित त्यांना बारीक रताळीही धरतात, ती मोठी होत नाहीत. आमच्याकडे म्हणून श्रावण-भाद्रपदात वेल उचलतात. पण उचलणं वेगळं आणि पलटणं वेगळं. उचलणं म्हणजे बुंध्यापासून हातभर अंतरावर वेलाखाली हात किंवा काठी घालून तो जमिनीपासून सुटा करायचा. पेरांची बारीक मुळं तुटल्याचा कटकट आवाज येतो. मग तो होता तसाच, पानं वरच्या बाजूला ठेवून परत पडू द्यायचा. पलटण्यात सगळा वेल उलटा करून वरंब्याच्या माथ्यावर टाकतात. त्यात पानं खाली दबतात, देठ मुरगळतात, शेंडे मोडतात. पानं परत उजेडाकडे वळेपर्यंत कित्येक दिवस जातात आणि तेवढे दिवस रताळ्याला खुराक कमी. म्हणून मी उचलते, पलटत नाही. तेही पावसाळी लावणीत, दीड महिन्यानंतर, तीन आठवड्यांतून एकदा. हिवाळी लावणीत जमीन वरून कोरडी असते, पेरांना मुळं फारशी धरत नाहीत, तिथे वेलाला हातही लावत नाही.

वेल वाटेवर आला तर उचलून परत वाफ्यावर गुंडाळून ठेवायचा. रताळ्याचा वेल मोडल्याशिवाय बऱ्यापैकी वळतो, सकाळी तो पाण्यानं टम्म असतो तेव्हा मोडतो, म्हणून हे काम दुपारनंतर करावं. तरीही आवरेना तर वाटेवरचे शेंडे कापा. थोडेफार शेंडे गेल्यानं बिघडत नाही. एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त मात्र एका वेळी काढू नये.

कापलेले शेंडे फेकू नका. बटाट्याचा पाला विषारी असतो म्हणून बरेच जण याही पाल्याला घाबरतात, पण रताळ्याचा कोवळा पाला खाण्यासारखा असतो. हे पीक गारवेलाच्या आणि नालीच्या भाजीच्या कुळातलं, आणि भाजी लागतेही नालीसारखीच, किंचित बुळबुळीत. कोवळी बोटभर शेंडी आणि वरची चार पानं, लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. जून देठ चिवट लागतात, ते जनावराला. गाई-म्हशी हा पाला आवडीनं खातात.

जाळीवर चढवायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की या वेलाला तणावे नसतात. काकडीसारखा तो स्वतः पकडत नाही, सुतळीनं सैल बांधत न्यावा लागतो. जागा कमी असेल तर हा उपाय वाईट नाही, पेरांना मुळं फुटायचा प्रश्नही मिटतो. पण उघडी पडलेली माती तापते आणि चिरा पडतात, म्हणून खाली पाल्याचं आच्छादन हवंच. तुमच्याकडे जागा आहे, तुम्ही या फंदात पडू नका. आणि जांभळी कर्ण्यासारखी फुलं आली तर घाबरू नका. दिवस लहान झाले की काही जातींना येतात, रताळ्याचं त्यानं काही वाईट होत नाही.

ग्रो-बॅगमध्ये थर थर माती चढवत उंच मनोरा करायचे व्हिडिओ फिरत असतात. बटाट्याला त्यात थोडंफार तथ्य असेल, रताळ्याला नाही. वर माती चढवली म्हणून वरच्या पेरांना मोठी रताळी लागत नाहीत. गच्चीवर करायचं तर दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल पिशवी, त्यात दोन किंवा तीन फाटे आणि वेल कठड्यावरून खाली सोडून द्यायचा. उत्पन्न वाफ्याएवढं येत नाही.

आता कीड. पानांना बारीक गोल भोकं दिसली आणि सोन्याच्या टिकलीसारखा चकचकीत किडा सापडला तर तो कासव-भुंगा. त्यानं फार नुकसान होत नाही, सोडून द्या. शेपटीला शिंग असलेली बोटाएवढी जाड अळी रात्रीत फांदी साफ करते, ती हातानं वेचा. पानं आवळून, पिवळट होऊन वळायला लागली आणि खाली पांढरी माशी असेल तर तो विषाणू. असा वेल उपटून टाका आणि त्याचे फाटे कधीही लावू नका.

खरा शत्रू एकच, सोंड्या भुंगा. मुंगळ्याएवढा, लांबट. डोकं आणि पाठ निळसर काळी, मधला भाग आणि पाय तांबडे. पहिल्यांदा बघणारा त्याला मुंगीच समजतो. हात लावला की मेल्याचं सोंग घेऊन पडतो. मादी वेलाच्या बुंध्याला किंवा उघड्या पडलेल्या रताळ्याला बारीक भोक पाडून त्यात एकेक अंडं घालते. आत पांढरी अळी बोगदे करते. महिन्याभरात एक पिढी पुरी होते. वरून रताळं चांगलं दिसतं, फक्त सालीवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं असतात. कापलं की आत काळपट बोगदे आणि औषधासारखा उग्र वास. कीड लागली की रताळं स्वतःच कडू द्रव्य तयार करतं आणि कडवटपणा बोगद्याच्या पलीकडेही पसरतो, त्यामुळे तेवढा भाग कापून बाकीचं शिजवलं तरी तोंडात घालवत नाही. अशी किडकी, बुरशी आलेली रताळी जनावरांनाही घालू नका. त्यांच्या फुप्फुसाला बाधा होते, गुरं दगावलेली आहेत.

यावर फवारणीपेक्षा मातीच जास्त उपयोगी. भुंग्याला घट्ट माती उकरून खाली जाता येत नाही, तो चिरांतूनच रताळ्यापर्यंत पोचतो. रताळी फुगायला लागली की बुंध्याभोवती माती फाटते. ती चीर म्हणजे त्याचा दरवाजा. म्हणून दुसऱ्या महिन्यापासून दर आठ-दहा दिवसांनी वेल बाजूला करून बुंधे बघायचे आणि चिरा मातीनं बुजवायच्या. जमीन फार सुकू द्यायची नाही, पाल्याचं आच्छादन ठेवायचं. याचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नराला ओढणारे सापळे, मिळतात. त्यात नर अडकतात, शेजारीपाजारी रताळी असतील तर एक सापळा लावून ठेवावा. सापळा नसेल तर रताळ्याच्या फोडी वाफ्यात चार ठिकाणी ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर गोळा झालेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाकायचे. काढणीनंतर एकही किडकं रताळं किंवा जून वेल वाफ्यात राहता कामा नये, आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात रताळं नको. कुंपणाला बेशरम किंवा गारवेल असेल तर तीही याच कुळातली, भुंगा तिथे मुक्काम करतो.

उंदीर-घुशींचा बंदोबस्त ज्याचा त्यानं करायचा. आमच्याकडे साळिंदर आणि रानडुकरं येतात, त्यांच्यापुढे कुंपणाशिवाय इलाज नाही. पुण्यात तुम्ही सुखी आहात.

काढणी कधी करायची? जातीनुसार तीन ते चार महिने. पानं पिवळी पडायला लागतात, पण भरपूर खत घातलेल्या वाफ्यात ती पिवळी पडतच नाहीत, म्हणून त्यावर विसंबू नका. एक रताळं काढून आडवं कापा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. कापावर पांढरा चीक येतो. तो तसाच पांढरा सुकला तर रताळं तयार. हिरवट-काळपट झाला तर अजून पंधरा दिवस थांबा. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. माती दगडासारखी झाली असेल तर आदल्या दोन-तीन दिवसांत हलकं पाणी द्यावं, नाहीतर रताळी मोडतात. आधी विळ्यानं सगळा वेल कापून बाजूला करा, मग बुंध्यापासून वीतभर लांब कुदळ घालून माती सैल करा आणि हातानं उपसा. तुमच्या मापाच्या वाफ्यात चार ते आठ किलो निघाले तर उत्तम समजा.

काढलेली रताळी धुवू नका. माती झटकायची आणि आठवडाभर उबदार, दमट, सावलीच्या जागी गोणपाटाखाली पसरून ठेवायची. ३० अंशांच्या आसपास तापमानात कापल्या-खरचटल्या जागी नवी साल धरते आणि मग ती महिना-दोन महिने टिकतात. मोडलेली आधी खा. फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली त्यांना थंडी बाधते, मधला भाग शिजवूनही कडकच राहतो. ठेवल्यानं गोडी वाढते, ताजं काढलेलं रताळं पिठूळ लागतं म्हणून जातीला नावं ठेवू नयेत. शिजवण्यातही खुबी आहे. रताळ्यातलं विकर (एन्झाइम) पिष्टाची साखर करतं ते ६० ते ७५ अंशांच्या मधे. आरात हळूहळू भाजलेल्या रताळ्याला त्यासाठी भरपूर वेळ मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये मिळत नाही. चूल नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा.

आता जातीबद्दल. बाजारातल्या रताळ्याचा वेल लावला तर निघेल ते घ्यायचं. नाव माहीत असलेलं बेणं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण अश्विनी आपल्याकडे चांगली येते. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची श्री भद्रा तीन महिन्यांत तयार होते. भू सोना आतून केशरी, अ जीवनसत्त्वासाठी लहान मुलांना चांगली, पण भाजल्यावर आपल्या पांढऱ्या रताळ्यासारखी कोरडी, खुसखुशीत लागत नाही. भू कृष्णा आतून जांभळी. उपवासाच्या किसाला मला आपली लाल सालीची, पांढऱ्या गराचीच आवडते.

तुमचा माजलेला वेल बेणं म्हणून उत्तम आहे, निरोगी असेल तर. बुंधे तपासून झाले की त्याचे वीस-बावीस शेंडे घ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या जागी, खत न घातलेल्या मातीत वरंब्यावर लावा. थंडीमुळे पावसाळी पिकापेक्षा पंधरा दिवस जास्त लागतील, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये काढणीला येतील. त्यानंतरच्या उन्हाळ्यासाठी दोन कुंड्यांत चार-चार फाटे लावून मोरीच्या पाण्याजवळ, दुपारची सावली मिळेल अशा ठिकाणी ठेवा. त्यांना रताळी धरली नाहीत तरी हरकत नाही, एप्रिल-मे एवढा वेल हिरवा राहिला पाहिजे. वळवाचा पाऊस झाला की त्यांना थोडं शेणखत घाला, कारण इथे आपल्याला पालाच हवा आहे, आणि जूनच्या मध्याला लावायला लागतील तेवढे शेंडे त्या दोन कुंड्यांतून निघतात.